बॉनेटवरचा ठसा

गाडी माझ्या शेडमध्ये आली की मी आधी पाणी मारत नाही. आधी मालकाला उभं करते. शटर खाली ओढते, ट्यूब बंद करते आणि हातात लाइट घेऊन गाडीभोवती एक फेरी मारते. मालकानं माझ्याबरोबर चालायचं. लाइटात जे दिसेल ते मी कागदावर लिहिते, फोटो काढते, शेवटी दोघांनी खाली सही करायची आणि मगच बादली उचलायची. जव्हारात हे कोणाला लवकर पटत नाही. "गाडी धुवायला आणलीय का पंचनाम्याला," असं विचारणारे भेटतात. मी त्यांना सांगते, पटत नसेल तर स्टँडमागे पाइप घेऊन एक जण बसतो. तो पाच मिनिटांत धुऊन देईल आणि चार ओरखडे वर देईल.

हा नियम मला अनुभवानं शिकवला. ठाण्यात डिटेलिंगच्या दुकानात सहा वर्षं काढून मी इथं मोखाडा रोडला शेड टाकली, त्याच वर्षी शिरपामाळ बघायला आलेल्या एका पाहुण्यानं दारावरचा जुना ओरखडा माझ्या नावावर खपवला. माझा नवरा चंदू त्याच्या अंगावर धावून गेला होता, दोघांनी धरून ठेवला म्हणून बरं. तेव्हापासून कागदाशिवाय गाडीला हात लावत नाही, मग ती साहेबाची असो नाहीतर सख्ख्या दिराची.

उन्हात सगळ्याच गाड्या छान दिसतात. माझा लाइट पत्र्याच्या जवळ तिरका धरला की खरं काय ते कळतं. फडक्याने पडलेली जाळी, पक्ष्याच्या विष्ठेचा डाग, कुठं परत रंग मारलाय, सगळं वर येतं. आणि आमच्याकडच्या गाड्यांवर आणखी एक गोष्ट दिसते, जी ठाण्यात मला कधी दिसली नाही. आमच्या पाड्यांवर नवी गाडी आली की नुसत्या कुंकवाच्या स्वस्तिकावर भागत नाही. तांदळाचं पीठ कालवून त्यात हात बुडवतात आणि बॉनेटवर ठसा उठवतात. तो ठसा धुवायचा नाही, आपोआप झडेपर्यंत ठेवायचा. धुतला तर बरकत जाते म्हणे. पंधरा-पंधरा दिवस ते पीठ उन्हात वाळतं, आवळतं आणि रंगावरचा पारदर्शक थर ओढून धरतं. पुढं गाडी कितीही धुवा, डोळ्यांना काही दिसत नाही, पण लाइट धरला की पाच बोटं जिथल्या तिथं. मी सगळ्यांना ओरडते, दोन दिवसांत धुऊन टाका म्हणून. कोणी ऐकत नाही. माझं सासर साखरशेतचं, तिथंही नाही.

त्या गुरुवारी माझे शाळेतले भोये सर गाडी घेऊन आले तेव्हा चंदू घरातून जाऊन नऊ दिवस झाले होते.

काय झालं होतं ते आधी सांगते. दिवाळी झाल्यावरच्या शनिवारी, संध्याकाळी सातच्या सुमारास, दाभोशाच्या रस्त्यावर, पाणी जायच्या मोरीजवळ पोश्या नावाच्या मजुराला कोणीतरी उडवलं. पोश्या कामावरून पायी घरी चालला होता. चंदू पॅसेंजर सोडून रिकामी जीप घेऊन परत येत होता. त्याचं म्हणणं असं, की कडेला माणूस पडलेला दिसला, त्यानं घाईत ब्रेक मारला, जीप सरकली आणि डावीकडचा दिवा मोरीच्या दगडाला लागून फुटला. मग त्यानं पोश्याला उचलून मागे घातलं आणि जव्हारच्या दवाखान्यात आणलं. तिथून पोश्याला नाशिकला हलवलं. तो शुद्धीवर नव्हता, त्यामुळे त्याला विचारायची सोय नव्हती.

लोकांनी दोन आणि दोन चार केले. जीपमध्ये रक्त, पुढचा दिवा फुटलेला. वर चंदूनं दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर जीप धुऊन काढली. आता रक्त लागलेली जीप कोणीही धुवेल, पण ते नंतर सुचतं. पोलीस माझ्याकडे आले. जमादारांनी एकच नेमका प्रश्न विचारला, "शनिवारी सकाळी गाडी निघाली तेव्हा पुढचा दिवा शाबूत होता का?"

मी म्हटलं, "शाबूत होता."

ते खरंच होतं, आणि त्यावरूनच दिवा पोश्याला लागून फुटला असं पोलिसांनी धरलं. जीप दारातून जाताना माझी नजर तिच्यावरून फिरतेच, सवय आहे. मला 'आठवत नाही' म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही, आणि त्याचं कारण लपवायचं नाही मला. मला वाटलं होतं की हे चंदूनंच केलंय. वर्षापूर्वी त्यानं मोखाड्याच्या वाटेवर एक बकरी उडवली होती आणि महिनाभर मला सांगत होता की दगड उडाला. शेवटी बंपरच्या चिरेत अडकलेले केस मीच लाइट धरून त्याला दाखवले होते. एकदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदा बोलायला किती वेळ लावणार? शिवाय शनिवार, आणि शनिवारी तो थोडी घेतो. पोलीस गेल्यावर त्यानं मला विचारलं, काय सांगितलंस? मी सांगितलं. तो भांडला नाही. जीप जप्त झाली, केस झाली, जामिनावर सुटून मंगळवारी घरी आला, पिशवीत दोन कपडे घातले आणि दारात उभा राहून म्हणाला, "घरातच पोलीस ठेवलाय मी." मग साखरशेतला आईकडे निघून गेला.

पोश्या वाचला नाही तर केस जड होणार होती, हे मला जमादारांनीच समजावलं होतं. लायसन जाणार, शिक्षा होणार. दाभोशाची माणसं तर आत्ताच त्याच्याकडे खुनी म्हणून बघत होती. मी सकाळी शेड उघडत होते, गाड्या धुवत होते आणि रात्री एकटी जेवत होते. रागही होता आणि भीतीही. आणि हे दोन्ही त्याच्यापायीच होतं, एवढं कळत होतं.

भोये सरांची गाडी त्यांच्या बायकोनं, नीता मॅडमनं, फोन करून ठरवली होती. रविवारी त्यांच्या हर्षालीचा साखरपुडा होता. "एकदम आरसा करून दे," मॅडम म्हणाल्या होत्या. मी हो म्हटलं. भोये सरांना मी नाही म्हणूच शकत नव्हते. आश्रमशाळेत मी दहावी झाले तेव्हा बापानं माझं लग्न ठरवलं होतं. सर पाड्यावर चालत आले, ओट्यावर बसले आणि बाप हो म्हणेपर्यंत उठलेच नाहीत. दुपारचं जेवणही घेतलं नाही. मग त्यांनीच मला आयटीआयला घातलं. चार वर्षांपूर्वी त्यांनी ही गडद निळी गाडी घेतली तेव्हा बॉनेटवर ठसा उठवायला त्यांनी मला बोलावलं होतं. म्हणाले, माझ्या विद्यार्थिनीचा हात लागू दे. दोन दिवसांत धुऊन टाका, हे माझं नेहमीचं प्रवचन मी दिलं, पण त्यांनी ठसा महिनाभर ठेवला. माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, लहानपणी उखळात सापडली होती. उजवा हात कामानं सोललेला होता म्हणून मी डावा उठवला होता. दरवर्षी गाडी माझ्याकडे येते तेव्हा लाइटात ती वाकडी करंगळी बॉनेटवर दिसते. घालवायची तर बराच थर घासावा लागेल म्हणून मी ती तशीच राहू दिली आहे.

सर उतरले. नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज लाइट राहू दे, कविता. नुसती धू. घाईत आहे मी."

मला वाटलं, माझी कीव येतेय त्यांना. नवऱ्याची अशी गत असताना हिला कशाला उभं करा, असं काहीतरी. त्यामुळे मला उलट चीड आली. मी म्हटलं, "सर, नियम तुमच्यासाठी मोडला तर मग कोणासाठीच उरणार नाही. दहा मिनिटं."

"ऐक माझं."

"दहा मिनिटं," मी म्हटलं आणि शटर खाली ओढलं.

मी ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात करते आणि मागून फिरून बॉनेटवर संपवते. उजवं दार, हलकी जाळी. मागचं दार, हँडलखाली नखाचे ओरखडे. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र माझ्या कमरेला असतं, ते टेकवलं. एकशे बारा. कंपनीचा रंग एवढाच असतो. सर माझ्या मागे चालत होते. डिकी, एकशे आठ. बंपरवर घासल्याची जुनी खूण, ती मागच्या वर्षीच्या कागदावरही होती. मी बोलत होते आणि लिहीत होते. सर नेहमी मध्ये मध्ये काहीतरी विचारतात, ही खूण कशाची, हा डाग जाईल का. आज गप्प होते.

डावीकडचं मागचं दार ठीक. पुढच्या दाराशी लाइट नेला आणि काचेच्या रबरावर बारीक निळे ठिपके दिसले. रंग फवारताना चिकटपट्टी नीट न लावली की असे ठिपके पडतात. लाइट पुढं सरकवला, चाकावरच्या पत्र्यावर. तिथं पोत वेगळा होता. संत्र्याच्या सालीसारखा बारीक उंचसखल, आणि त्याखाली पॉलिश पेपरचे गोल गोल चरे. यंत्र टेकवलं. दोनशे एकेचाळीस.

माझ्या मागची पावलं थांबली होती.

"इथं काम केलंय, सर," मी म्हटलं.

"हो. फांदी पडली होती. नाशिकला."

"मोठी असेल."

"बऱ्यापैकी."

कागदावर गाडीचं चित्र असतं, त्यावर डाव्या पुढच्या कोपऱ्यात मी फुली मारली. तोपर्यंत माझ्या मनात खरंच काही नव्हतं. फांद्या पडतात. माझ्या मनात एवढंच आलं की ताज्या रंगावर महिनाभर वॅक्स चढवत नाहीत आणि मॅडमना आरसा हवाय, आता त्यांना समजवायचं कसं?

मग मी बॉनेटवर लाइट धरला.

आधी मधोमध. मग थोडा डावीकडे, मग खाली वाकून, मग लाइट पिवळा करून. मी माझा हात शोधत होते. बॉनेट कोऱ्या पाटीसारखं होतं. जाळी नाही, चार वर्षांच्या धुण्याची एक रेघ नाही, बोटं नाहीत. मी यंत्र पाच ठिकाणी टेकवलं. सगळीकडे पावणेदोनशेच्या आसपास. जवळ नाक नेलं तर अजून रंगाचा वास होता.

हे बॉनेट घासून रंगवलेलं नव्हतं, नाहीतर आकडा जागोजागी वेगळा आला असता. बदललेलं होतं. फांदी पडून बॉनेट बदलण्याइतकं चेपलं तर काच आणि टप सुटत नाही, आणि टपावर मी नुकताच लाइट फिरवला होता. वरून काही पडलं नव्हतं. जे लागलं होतं ते पुढून लागलं होतं, डाव्या कोपऱ्यात. रस्त्याच्या कडेनं चालणारा माणूस डावीकडे असतो.

मी लाइट बंद केला नाही, कारण बंद केला असता तर अंधार झाला असता आणि मला अंधारात त्यांच्याबरोबर उभं राहायचं नव्हतं. ज्या माणसाला मी बापाच्या जागी मानत होते त्याच्याबद्दल मला असं वाटलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नीता मॅडम होत्या. हात ओले नव्हते तरी सवयीनं मी स्पीकर लावला.

"कविता, पोचले ना गं सर? नीट घास हं गाडी. सुट्टीत मी आणि हर्षाली नाशिकला माझ्या बहिणीकडे होतो, सर मागून आले, तर आठ दिवस गाडी गॅरेजमध्येच. सर्व्हिसिंगला आठ दिवस लागतात का गं कधी? बसनं फिरवलं आम्हाला यांनी."

"बघते, मॅडम."

"आणि चंदूचं काही कळलं?"

"नाही अजून."

"धीर धर. सर रोज विचारतात त्याच्याबद्दल."

फोन बंद झाला. सर वर्कबेंचला टेकून उभे होते. मी विचारलं, "शनिवारी तुम्ही दाभोशाला होतात?"

त्यांनी बंद शटरकडे बघितलं. मी परत विचारलं, शब्द न बदलता. वर्गात ते असंच विचारायचे.

"शाळेत स्वयंपाक करणाऱ्या सुकरीच्या नातवाच्या बारशाला गेलो होतो," ते म्हणाले. "परत येताना. तो वळणावर एकदम समोर आला, कविता. मी घेतलेली नव्हती, वेगही नव्हता. मी उतरलो. श्वास चालू होता त्याचा. मी फोन काढला, रेंज नव्हती. आणि मागून जीपचे दिवे दिसले. मला वाटलं, जीप आहे, ती उचलेल. माझ्या गाडीत एकटा मी त्याला कसा उचलणार होतो?"

"चंदूनं एकट्यानंच उचलला."

सरांची नजर नव्या बॉनेटवर गेली.

"ती चंदूची जीप होती हे तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"मग बारा दिवस?"

"मी येणारच होतो सांगायला. सोमवारी निघालोही होतो. मग ऐकलं की तू पोलिसांना सांगितलंस दिवा शाबूत होता म्हणून." ते माझ्याकडे बघायला लागले, पहिल्यांदाच. "मला वाटलं, घरचं माणूस असं सांगतंय म्हणजे तिला खात्री असेल. वाटलं, माझा धक्का हलका असेल, तो नंतर उठून चालायला लागला असेल आणि मग जीप लागली असेल. असंही होऊ शकतं ना? तूच तसं सांगितलंस, म्हणून मी स्वतःला तसं समजावलं."

मला त्यांच्या तोंडात मारावीशी वाटली, आणि त्याच क्षणी माझ्याही. माझ्या एका वाक्यावर हा शिकलेला माणूस बारा दिवस आरामात झोपला होता. ते वाक्य मी त्याला दिलं होतं. चंदूनं मला जे सांगितलं होतं ते अक्षरन्‌अक्षर खरं होतं. दगड, ब्रेक, दिवा, सगळं. आणि मी बकरीचे केस आठवत बसले होते.

मी कागद बेंचवर ठेवला आणि लिहायला लागले. डावा पुढचा पत्रा, परत रंग, दोनशे एकेचाळीस. बॉनेट, बदललेलं, नवा रंग, जुना ठसा नाही.

"हे नको लिहूस," सर म्हणाले.

"लिहितेय."

"रविवारी साखरपुडा आहे पोरीचा. मुलाकडची माणसं वाड्याहून यायची आहेत. सोमवारी सकाळी मी स्वतः जातो पोलिसात, तुझ्या गळ्याची शपथ. तीन दिवस, कविता. तुझ्यासाठी मी किती वेळ बसलो होतो ओट्यावर, आठवतं ना?"

ते म्हणायला नको होतं त्यांनी. मला ते आठवत होतं, रोजच आठवतं, आणि त्याची किंमत ते अशी मागतील असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "पोश्याची बायको रुपी नाशिकला दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपते. तिला कोणी म्हटलं का, सोमवारपर्यंत थांब म्हणून?"

"मी नोकरीवरून जाईन."

"चंदू कशावरून गेला?"

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि शटर थरथरलं. मी विचार करत होते, यांनी आता शटर उचललं आणि गाडी काढली, तर मी काय करणार? माझ्याकडे मागच्या वर्षीचे फोटो होते, ठशाचे. पण सरांपुढे माझं कोण ऐकणार? अर्धं जव्हार त्यांच्या हाताखालून गेलंय. नवऱ्याला वाचवायला गुरूवर उलटली, असंच म्हणतील. गाडी अडवायची तर तिच्या आडवं उभं राहावं लागेल, एवढंच सुचत होतं. मी बॉनेटसमोर जाऊन उभी राहिले.

सरांनी ते बघितलं. खिशाचं पेन काढलं.

"सही केली नाही तर?"

"तर मालकानं सही दिली नाही असं लिहीन आणि वेळ टाकीन."

ते खुर्चीवर बसले. कागद वरपासून खालपर्यंत वाचला, जसे आमचे निबंध वाचायचे तसा, पेन ओळीखाली धरून. एका जागी थांबले. मला वाटलं, आता फाडतील. पण त्यांनी बॉनेटच्या ओळीपुढं मोकळ्या जागेत स्वतः लिहिलं. शनिवारची तारीख, दाभोसा रस्ता, मोरीजवळ, माझ्या हातून. मग सही केली, पूर्ण नावाची. अक्षर अजिबात हललं नव्हतं.

"मला नीताला फोन करू दे," ते म्हणाले.

मी शटर वर केलं. बाहेर भर दुपार होती आणि डोळे दिपले. गाडी तशीच आत ठेवून, कुलूप लावून, आम्ही दोघं पोलीस ठाण्यापर्यंत चालत गेलो. वाटेत तिघांनी सरांना नमस्कार केला. त्यांनी तिघांनाही उत्तर दिलं. ठाण्यात जमादारांनी कागद दोनदा वाचला, माझ्या मोबाइलमधले मागच्या वर्षीचे फोटो बघितले, ठशाची करंगळी माझ्या हाताशी लावून बघितली आणि म्हणाले, "नाशिकच्या गॅरेजवाल्याला बोलवावं लागेल." सर बाकावर बसून होते. मी निघाले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही आणि मी पाया पडले नाही. इतक्या वर्षांत तेवढं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साखरशेतची जीप पकडली. पोश्या अजून बोलत नव्हता, पण रात्री त्यानं डोळे उघडून रुपीला ओळखलं होतं, एवढी खबर स्टँडवर कळली. जीपमध्ये दोघी बायका चंदूचं नाव घेऊन बोलत होत्या, आणि ते चांगलं बोलणं होतं. बातमी माझ्या आधी निघाली होती.

चंदू खळ्यावर भात झोडत होता. सासू, हौशी, बाजूला पाखडत होती. तिनं मला बघून सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "ये बाय, बस." चंदू थांबला नाही. पेंढी डोक्यावरून फळीवर आपटायची, दोनदा, तीनदा, मग पेंढा बाजूला फेकायचा. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रबरावरचे ठिपके, बॉनेट, मॅडमचा फोन, सरांचं ओट्याचं बोलणं, सही. जमादार म्हणाले जीप आठवड्यात सुटेल, तेही सांगितलं. मी बरीच बोलले. मला वाटत होतं जितकं जास्त सांगेन तितकं बरं.

त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली. घाम पुसला.

"सरांची गाडी आली नसती तर?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"नसती आली तुझ्याकडं. दुसरीकडं धुतली असती. तर तुला काय वाटलं असतं, मी मारला का नाय?"

हौशी माझ्याकडे बघत होती. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता, आणि तो ऐकून त्यानं कदाचित पिशवीही भरली असती. पण त्याला खोटं ऐकायला लावायचा अधिकार मी जमादारांना उत्तर दिलं तेव्हाच घालवला होता.

"मारला असंच वाटलं असतं," मी म्हटलं. "जन्मभर."

"हां," तो म्हणाला. "तेवढंच विचारायचं होतं." आणि त्यानं पुढची पेंढी उचलली.